बेसिन घ्यावे जागा पाहून



शेतकी खात्याच्या माणसाने बेसिनवर लेख लिहावा, हे पाहून काहींना हसू येईल. परंतु ऊसनोंद, लागणीची पाहणी, खोडव्याची पाहणी या निमित्ताने आम्ही वर्षभर सभासदांच्या दारी जात असतो. रानातून घरी आले की ‘साहेब, हात-पाय धुवा, जेवूनच जायचं’ असा आग्रह होतो आणि मग त्या घरचे बेसिन आमच्या वाट्याला येते. कार्यक्षेत्रात आता नवे घर बांधले की त्यात बेसिन असतेच, कुठे दोन, कुठे तीन. ही समाधानाची बाब आहे. मात्र त्यांतली बरीच बेसिने चुकीच्या जागी, चुकीच्या उंचीवर आणि चुकीच्या जातीची बसली आहेत, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. कुठे न्हाणीघराचे दार उघडले की बेसिनच्या कडेवर आपटते. कुठे हात धुताना पाणी कोपरावरून सदऱ्याच्या बाहीत उतरते. एका घरी तर बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी, सोनेरी काठाचे वाडग्यासारखे बेसिन आहे. घरातली मंडळी तिथे हात धुवायला बिचकतात आणि मागच्या अंगणात दगडावर बसून धुतात.

असे का होते? घर बांधताना पायाला खडक लागला की नाही, स्लॅबला लोखंड किती, खिडकीचे ग्रील कसे, यावर महिना महिना खल होतो. बेसिन मात्र सगळ्यात शेवटी, लादीचा रंग ठरल्यावर, तालुक्याच्या दुकानात अर्ध्या तासात पसंत केले जाते. दुकानातले बेसिन मोकळ्या भिंतीवर, चांगल्या उजेडात आणि मुख्य म्हणजे कोरडे असते. तिथे कोणतेही बेसिन चांगलेच दिसणार. उसाचे बेणे आपण असे घेतो का? को ८६०३२ नामांकित जात खरी, पण रान क्षारपड असेल तर आपण तिचा हट्ट धरत नाही. अशा रानात कोएम ०२६५ चांगला तग धरतो, हे आपल्या सभासदांना ठाऊक आहे. आधी जमीन पाहायची, मग जात ठरवायची. बेसिनचेही तसेच आहे. जागा कोणती, हात कोणाचे आणि पाणी जाणार कुठे, या तीन गोष्टी ठरल्यावाचून दुकानाची पायरी चढू नये.

हातांचा विचार आधी करू. दुकानदाराकडच्या चित्रांच्या पुस्तकात बेसिनपाशी एकच बाई उभी असते आणि बोटांची टोके भिजवत असते. आपल्या घरी सकाळी आठ माणसे एकामागून एक येतात. आजीची मिश्री, आजोबांची दाढी, पोरांचे दात, कोणाच्या मिठाच्या गुळण्या. दुपारी जेवण झाले की भात-आमटीचे खरकटे हात. चूळ भरून टाकणे हा तर आपल्याकडे बेसिनचा पहिला उपयोग. उथळ, पसरट, ताटासारखे बेसिन असेल तर ती चूळ परत अंगावर येते. म्हणून घरच्या रोजच्या वापराच्या बेसिनला आतून पाच-सहा इंच खोली हवीच. आतला उतारही सगळीकडून भोकाकडे असावा. सपाट तळाच्या चौकोनी बेसिनमध्ये पेस्टचा फेस आणि दाढीचे केस कोपऱ्यात बसून राहतात आणि दर वेळी ते हाताने ढकलावे लागतात.

माप घेण्याची सोपी रीत

बेसिनचे माप दोन आकड्यांत सांगतात. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा भिंतीपासून पुढे येण्याचा. बाजारात १८ बाय १२, २० बाय १६, २२ बाय १६ आणि २५ बाय १८ इंच ही मापे नेहमी मिळतात. लोक रुंदीकडे बघतात, पण अडचण करतो तो दुसरा आकडा. समजा, न्हाणीघरात बेसिनपुढची जागा भिंतीपासून भिंतीपर्यंत तीन फूट, म्हणजे ३६ इंच आहे. १६ इंच पुढे येणारे बेसिन लावले तर उभे राहायला २० इंच उरले. तेवढ्यात माणूस उभा राहतो, पण तोंड धुवायला वाकला की पाठ भिंतीला लागते. तिथेच १२ इंची बेसिन घेतले तर २४ इंच मिळतात आणि काम निभावते. समोर २१ इंचांपेक्षा कमी जागा ठेवूच नये, ३० इंच मिळाली तर उत्तम. बाजूच्या भिंतीपासून बेसिनचा मध्य १५ इंच तरी लांब असावा, नाहीतर एक कोपर सतत भिंतीला घासतो आणि गिलाव्यावर तेलकट पट्टा उमटतो.

हे आकडे लक्षात ठेवण्यापेक्षा एक करावे. खोक्याचा पुठ्ठा बेसिनच्या मापाचा कापावा, दोघांनी तो भिंतीशी जमिनीपासून ३२ इंचांवर आडवा धरावा आणि तिसऱ्याने तिथे तोंड धुतल्यासारखे वाकून पाहावे. दार पूर्ण उघडून पाहावे. हातात बादली घेऊन शेजारून जाऊन पाहावे. आणि हे पाहण्याचे काम घरातल्या बायकांकडून करून घ्यावे, कारण त्या न्हाणीघरात सगळ्यात जास्त वेळ त्याच वावरतात. आमच्या पाहण्यात ज्या घरी असा पुठ्ठा धरला गेला, तिथे निम्म्या वेळा तरी जागा बदलली गेली.

आता जाती. भिंतीवर अडकवायचे साधे चिनी मातीचे बेसिन, ही आमच्या मते शेतकऱ्याच्या घरची सर्वांत भरवशाची जात. खालची जागा मोकळी राहते, त्यामुळे फरशी सलग धुता येते, बादली खाली सरकवता येते, नळी गळाली तर लगेच दिसते. उंची आपल्या मर्जीने ठेवता येते. चांगली चिनी माती पाणी पीत नाही, म्हणून तिच्यावर डाग मुरत नाहीत. घेताना बोटाच्या पेराने वाजवून पाहावे, मडक्यासारखाच खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द आवाज आला तर कुठेतरी बारीक तडा आहे असे समजावे. खालून, मागून हात फिरवून पाहावा. पुढची बाजू सगळेच चकचकीत करतात.

खांबावरचे म्हणजे पायाचे बेसिन दिसायला भारदस्त असते आणि नळ्या झाकल्या जातात. पण खांब बेसिनचे वजन पेलतो, ही समजूत बरोबर नाही. खांब मुख्यतः झाकायला. बेसिन भिंतीला बोल्टने पक्के करावेच लागते. काही गवंडी खांब मिळाला म्हणून बोल्ट मारायचा कंटाळा करतात, त्यांच्यावर नजर ठेवावी. शिवाय खांबाची उंची कारखान्यात ठरलेली असते, घरातल्या माणसांप्रमाणे ती वर-खाली करता येत नाही. खांबाभोवती केर आणि शेवाळ साचते ते वेगळेच.

ओट्यावर ठेवायच्या वाडग्याच्या बेसिनची सध्या फार हौस आहे. त्याला आमचा विरोध नाही, पण हिशेब करा. गवंडी सवयीने ओटा ३२ इंचांवर घेतो. त्यावर ५ इंची वाडगा ठेवला की काठ गेला ३७ इंचांवर. पाच फूट उंचीच्या माउलीला तिथे हात धुवायचे तर कोपर उचलून धरावे लागतात आणि पाणी उलटे बाहीत येते. वाडग्याचे बेसिन घ्यायचे तर ओटा २७ इंचांवरच हवा, म्हणजे बेसिन आधी घरी आणायचे आणि मग ओटा बांधायचा. त्याची तोटीही उंच लागते, आणि ती धार नेमकी भोकावर पडली तर पाणी उसळते. वाडगा आणि ओटा यांच्या मधल्या खाचेत मळ धरतो, तो काढायला जुना दातांचा ब्रश लागतो. ओट्याखालून बसवलेले बेसिन त्या मानाने पुसायला सोपे, कारण ओट्यावरचे पाणी सरळ आत ढकलता येते. मात्र दगड नीट कापणारा कारागीर हवा. काचेच्या बेसिनबद्दल एवढेच, की क्षाराच्या पाण्याच्या गावात ते घेऊ नये.

जिन्याखालच्या संडासात किंवा अगदी अरुंद जागेत कोपऱ्याचे बेसिन चांगले बसते. मात्र ते हात धुण्यापुरतेच, त्यात दाढी होत नाही.

उंचीबद्दल थोडे आणखी. ३२ इंच हा सरासरीचा आकडा आहे. घरात सगळी माणसे उंच असतील तर ३४ पर्यंत जावे. लहान मुलांसाठी बेसिन खाली घेण्याची गरज नाही, मुले वाढतात. एक भक्कम पाट पुरे होतो. पण पाट ठेवलाच नाही तर पोरे काठाला लोंबकळतात, आणि बेसिन निखळून पायावर पडले तर चिनी मातीची धार कोयत्यासारखी लागते. म्हातारी माणसे उठता-बसता बेसिनचाच आधार घेतात. तो आधार बेसिनचा नव्हे. शेजारी भिंतीत एक पक्की दांडी बसवून द्यावी. कोणाला चाकाच्या खुर्चीवर किंवा स्टुलावर बसून तोंड धुवावे लागत असेल तर बेसिनखाली गुडघे जायला २७ इंच मोकळे हवेत, तिथे खांबाचे बेसिन अजिबात चालत नाही.

भिंत कोणती आहे हेही पाहा. नऊ इंची विटांच्या भिंतीत बोल्ट चांगला धरतो. जुन्या वाड्याच्या दगड-मातीच्या भिंतीत तो महिन्याभरात हलू लागतो. तिथे भिंत खोदून सिमेंट काँक्रीटचा ठोकळा बसवावा आणि बोल्ट त्यात धरावा, किंवा सरळ जमिनीवर उभे राहणारे लोखंडी स्टँड करून घ्यावे. हलक्या सिमेंटच्या पोकळ विटांत बोल्ट आरपार घेऊन मागून पट्टी लावावी. बेसिनचे स्वतःचे वजन दहा-पंधरा किलो, पण त्यावर रेलणारा माणूस ऐंशी किलोचा असतो.

पाणी येणार कसे, जाणार कुठे

आपल्या भागात बोअरचे पाणी जड. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत सवलत आहे. पाणी जितके जड, तितका तोटीखाली आणि भोकाभोवती पांढरा थर लवकर चढतो. काळे, गडद निळे, तपकिरी बेसिन घेतले की हा थर दुरून दिसतो. पांढरे घ्यावे. थर घालवायला लोक ॲसिड ओततात. त्याने चिनी माती एकवेळ टिकते, पण पितळी जोड आणि भोकाची चकचकीत कडी खाल्ली जाते. लिंबाची फोड किंवा व्हिनेगर लावून अर्धा तास ठेवले तर बहुतेक थर सुटतो. आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही टाकू नये. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो.

गरम-गार पाण्याची एकत्र तोटी शहरातल्या नातेवाइकांकडे पाहून घेतली जाते. आपली टाकी स्लॅबवर असते. टाकीतले पाणी तोटीपासून १० फूट उंच असेल तर दाब मिळतो चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.३ किलो. तेवढ्यात भारी तोटीतून करंगळीएवढी धार येते. आधी बादली आणि घड्याळ घेऊन आपल्या नळाला मिनिटाला किती लिटर येते ते मोजावे आणि कमी दाबावर चालणारी तोटी मागावी. ठिबकच्या लॅटरलचा दाब मोजणाऱ्याला हे अवघड नाही.

खाली पाणी जाण्याच्या वाटेवर जी वाकडी नळी किंवा बाटली असते, तिच्यात दोन-अडीच इंच पाणी कायम साठलेले असते. ते पाणी गटाराचा वास अडवते. पाहुण्यांच्या खोलीतले बेसिन महिनोन्‌महिने वापरले नाही की ते पाणी सुकते आणि ‘उंदीर मेला की काय’ अशी शोधाशोध सुरू होते. तांब्याभर पाणी ओतले की वास थांबतो. जेवणानंतरच्या बेसिनमध्ये भाताची शिते, कढीपत्ता, शेंगांच्या साली जातात. म्हणून त्या बेसिनच्या भोकावर बारीक जाळी आणि खाली हाताने फिरवून उघडता येईल अशी बाटली असावी. ती बाटली भिंतीत किंवा कपाटात चिणून टाकू नये.

आता सांडपाणी. नळाला मिनिटाला ६ लिटर येत असेल आणि आठ माणसांनी दिवसाला पाच-पाच मिनिटे तो सोडला, तर २४० लिटर पाणी झाले. हे पाणी गल्लीत सोडायचे की केळीच्या चार बुंध्यांना द्यायचे, हे बेसिन बसवण्याआधी ठरवावे लागते, कारण नळी त्या दिशेने न्यावी लागते. संडासाच्या नळीला बेसिन जोडले की ते पाणी हातचे गेले. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन गटारे बंद केली आणि डास हटवले, हे उदाहरण प्रसिद्ध आहे. मुरमाड जमिनीत शोषखड्डा सुरेख चालतो. भारी काळ्या जमिनीत तो सावकाश जिरवतो, म्हणून मोठा घ्यावा लागतो. आणि नदीकाठच्या ज्या गावात चार फुटांवर पाणी लागते, तिथे शोषखड्डा म्हणजे भरलेली घागर. तिथे पाणी केळी, अळू, कर्दळ यांनाच द्यावे.

मागच्या दाराचे बेसिन

हा लेख लिहिण्याचे खरे कारण पुढेच आहे. आम्ही पाहतो त्या घरांत शोभेचे बेसिन बैठकीत आहे, दुसरे शयनगृहाला लागून आहे, पण रानातून जिथून माणूस घरात शिरतो त्या मागच्या दारी काहीच नाही. बेणेप्रक्रिया करून, तणनाशक मारून, हुमणीचे औषध टाकून आलेला माणूस त्याच हातांनी कडी काढतो, माठावरचे झाकण उचलतो, लेकराला उचलून घेतो आणि मग आत जाऊन हात धुतो. एके काळी बेणेप्रक्रियेला पाऱ्याची औषधे वापरत. ती गेली, म्हणजे आताची औषधे खायची झाली असे नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. औषध तोंडातूनच जाते असे नाही, ते कातडीतूनही शरीरात शिरते.

पुष्कळ औषधे तेलकट असतात. नुसत्या पाण्याने ती हातावर पसरतात, निघत नाहीत. साबण लागतोच, आणि कोपरापर्यंत लागतो. म्हणून मागच्या दारचे बेसिन रुंद आणि खोल हवे. इथे चिनी मातीचा हट्ट नको. स्टीलचे खोल सिंक किंवा कडाप्पाची घडवलेली कुंडी चांगली, फुटायची भीती नाही. जागा दाराच्या बाहेर, पत्र्याच्या सावलीत. बसवताना दोन गोष्टी सोडू नयेत. एक, तोटी लांब दांड्याची घ्यावी, दवाखान्यात डॉक्टर कोपराने सोडतात तशी. फिरवायच्या तोटीला औषधाचा हात लागतो, आणि हात धुतल्यावर तीच तोटी बंद करताना औषध पुन्हा हाताला येते. पाच मिनिटांनी तिथेच पोर पाणी प्यायला येते. दुसरे, या बेसिनखाली फूटभर उंचीवर आणखी एक नळ आणि पाय धुवायला खडबडीत दगड असावा. नाहीतर माणसे पाय उचलून बेसिनमध्ये घालतात आणि बेसिनही जाते, कंबरही जाते.

साबण लटकवायला जाळीची पिशवी, फवारणीचे कपडे टाकायला वेगळी बादली, एवढे शेजारी असावे. ते कपडे घरच्या कपड्यांत भिजवू नयेत. पंप आणि औषधाचे माप मात्र इथेही धुवायचे नाही. ते रानातच तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच घालावे आणि पिकावर मारून संपवावे. घरातल्या बेसिनचे पाणी परसबागेला द्या असे आम्ही वर म्हटले, पण या मागच्या दारच्या बेसिनचे पाणी भाजीच्या वाफ्यात, जनावरांच्या हौदाकडे किंवा विहीर-बोअरच्या आसपास जाता कामा नये. त्याची नळी वेगळी, लांबच्या पडीक कोपऱ्याला.

डब्यावरचा लाल किंवा पिवळा त्रिकोण पाहून ज्यांना धाक वाटतो, त्यांच्याकडेही आम्ही हिरवा त्रिकोण आहे म्हणून हात पुसून भाकरी मोडलेली पाहिली आहे. धुवायची सोय हाताशी नसते, म्हणून असे होते. औषध मारताना किंवा नंतर घाम सुटणे, लाळ गळणे, अंधुक दिसणे असे काही झाले तर कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे आणि डबा बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा. घरगुती इलाजात वेळ घालवू नये.

बैठकीतल्या सोनेरी बेसिनच्या पैशांत मागच्या दारचे सगळे काम होते, असा आमचा अंदाज आहे. एक गवंडी, एक नळवाला, दीड-दोन दिवसांचे काम. आडसाली लागण १५ जुलैच्या सुमारास सुरू होते आणि बेणेप्रक्रियेचे पिंप तेव्हाच भरले जातात. पावसाच्या तोंडावर गवंडी मिळत नाही, त्यामुळे मे महिन्यात हे उरकणे सोयीचे. नळीचा उतार काढायला अडचण वाटली तर गट ऑफिसात सांगावे. चाऱ्यांची पातळी काढायची आमची नळी-पातळी तिथेच असते, पाहणीला येताना बरोबर घेऊन येऊ.